कोजागरीच्या रात्रीची भरती: एका मुक्कामाचं प्रकरण

पुण्यात ग्राहक मार्गदर्शनाचं काम करताना समोर येतात त्या तक्रारी बहुतेक बिल्डर, विमा कंपन्या, कोचिंग क्लास आणि दुरुस्तीला टाकलेल्या यंत्रांच्या. सहलीवरून आलेल्या माणसाची तक्रार क्वचित येते, आणि आली तरी बरेचदा पहिल्या भेटीतच संपते. "एका रात्रीचा तर प्रश्न होता, जाऊ दे" असं म्हणत लोक कागद परत पिशवीत ठेवतात. या प्रकरणातल्या बाईंनी कागद परत ठेवले नाहीत, म्हणून ते सविस्तर लिहिता येतंय. त्यात एक प्रश्न स्वच्छपणे पुढे आला. एखादी अडचण येणार हे विकणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, त्याने ती सांगितली नसेल आणि ती आल्यावर निसर्गाकडे बोट दाखवलं असेल, तर जबाबदारी कोणाची? माझ्या मते विकणाऱ्याची, आणि कायदाही तेच सांगतो.

जोडप्याच्या परवानगीने लिहितोय, पण नावं देत नाही. रिसॉर्टचं नाव देता येणार नाही. त्याचं कारण पुढे येईल.

ठरलं होतं ते

दोघं सहकारनगरमध्ये राहतात. ते सहकारी बँकेत, त्या शाळेत शिक्षिका. घरात सासूबाई, दोन मुलं. लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती, आणि एवढ्या वर्षांत दोघंच कुठे मुक्कामाला गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दरवेळी बरोबर कोणी ना कोणी असायचंच. लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात होता, पण तेव्हा घर पाहुण्यांनी भरणार होतं. म्हणून त्यांनी कोजागरी निवडली. दोघांची पहिली भेट एका सोसायटीच्या गच्चीवर, कोजागरीच्या आटीव दुधाच्या वेळी झाली होती. हे त्या सांगत होत्या तेव्हा यजमान खिडकीबाहेर बघत होते, पण हसत होते.

२०२४ सालची कोजागरी १६ ऑक्टोबरला, बुधवारी आली. श्रीवर्धनच्या बाजूला, समुद्राला लागून असलेलं एक महागडं रिसॉर्ट त्यांनी सप्टेंबरातच ॲपवरून ठरवलं. खोलीचे १८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४० रुपये. रद्द केल्यास पैसे परत नाहीत, या दराने. त्याखेरीज रिसॉर्टची 'कोजागरी स्पेशल' योजना होती: समुद्राच्या वाळूवर मांडव, दोघांसाठी वेगळं टेबल, कंदील, पाच पदार्थांचं जेवण, शेवटी केशरी दूध. वेळ रात्री साडेआठ ते साडेदहा. तिचे ७,५०० रुपये अधिक कर, असे ८,८५० रुपये थेट रिसॉर्टच्या खात्यात यूपीआयने भरले. एकूण ३०,०९० रुपये. महिन्याचा हिशेब वहीत मांडणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. ती त्यांनी वेगळी साठवलेली होती.

पैसे भरण्याआधी बाईंनी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, "टेबल नक्की वाळूवरच असेल ना? हॉलमध्ये नको." उत्तर आलं, "येस मॅम, शंभर टक्के बीचवरच. चंद्र समोर दिसेल." या दोन ओळींनी पुढे फार काम केलं. कोणत्याही आरक्षणात आपल्याला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते लेखी विचारून घ्यावं, असं मी सगळ्यांना सांगतो. फोनवर मिळालेल्या होकाराला नंतर आधार उरत नाही.

घडलं ते

ताम्हिणी घाट उतरून, माणगाव-म्हसळामार्गे ते दुपारी पोचले. खोली दोनला मिळणार आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडायची. एका रात्रीचा मुक्काम म्हणतात तो असा एकवीस तासांचा असतो, आणि त्यातली संध्याकाळ हाच त्याचा गाभा.

साडेपाचच्या सुमारास दोघं पुळणीवर फिरायला उतरले. पाणी खूप आत गेलं होतं. रिसॉर्टच्या दगडी कठड्याखाली ओल्या-कोरड्या वाळूचा मोठा पट्टा उघडा होता, आणि त्यावर चार मुलं बांबू रोवत होती. पांढरं कापड, त्याखाली टेबल, दोन खुर्च्या. यजमानांनी त्याचा फोटो काढला. फोनमधली वेळ पाच चाळीस.

साडेआठला बाई नारायणपेठी नेसून खाली आल्या तेव्हा पाणी मांडवापासून थोड्याच अंतरावर होतं. पहिला पदार्थ आला. नऊ वाजायच्या आत एक लाट टेबलाच्या पायांखालून गेली आणि चपला घेऊन गेली. एक चप्पल सापडली. मुलं धावत आली, कंदील उचलले, कापड सोडवलं. मांडव कुठे हलवायचा, तर वर जागा नव्हती. पट्टा उरलाच नव्हता, पाणी कठड्याच्या दिशेने चढत होतं. जोडप्याला वर नेण्यात आलं आणि सार्वजनिक जेवणघरात बसवलं. तिथे त्या दिवशी एका कंपनीच्या सहलीचा कार्यक्रम रंगात आला होता, माईकवरून बक्षिसं वाटली जात होती. पाच पदार्थांपैकी उरलेले बुफेतून घ्या असं सांगितलं. केशरी दूध थंडगार, कागदी कपात.

व्यवस्थापक आले. "सर, निसर्गापुढे आपण काय करणार?" एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला एक केक पाठवला.

आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला या प्रकरणातली सर्वांत अवघड वाटते. ओल्या खुर्च्या उचलणारा, विशीच्या आतबाहेरचा एक मुलगा बाईंना हळूच म्हणाला, "पुनवेला पाणी कठड्याला लागतंच, ताई. आम्ही सांगितलेलं." मुलगा जवळच्याच गावातला. साक्षीच्या दृष्टीने हे वाक्य सोन्याचं होतं. ते तक्रारीत घातलं असतं तर रिसॉर्टला आधीपासून माहीत होतं हे एका फटक्यात दिसलं असतं. बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, "त्याचं नाव, वर्णन, काही येता कामा नये. त्याची नोकरी जाईल." मी त्यांच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. पण त्यामुळे एक भोक पडलं. रिसॉर्टला माहीत होतं हे सिद्ध करायचं कसं?

काकांचा हिशेब

आमच्या केंद्रात संध्याकाळी मदतीला येणारे एक काका मूळचे हर्णैचे. नोकरी सगळी पुण्यात, पण डोकं अजून बंदरावर. ते शेजारच्या टेबलावर अर्ज तपासत होते. कोजागरी, साडेआठ आणि वाळू हे तीन शब्द कानावर पडल्यावर त्यांनी पेन ठेवलं.

"तिथीची पाऊणपट करा," ते म्हणाले.

कोकणात हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांत साधारण सहा तासांचं अंतर. म्हणजे कोजागरीला ओहोटी संध्याकाळी पाच-सव्वापाचला आणि भरती रात्री सव्वाअकराला. काकांनी हे बोटांवर केलं, कागद घेतला नाही.

यामागचं कारण सरळ आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तासाचा हिशेब हे त्याचंच ढोबळ रूप. त्यातही अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. आणि ही कोजागरी साधी नव्हती. १७ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर आला होता. त्या वर्षातली पृथ्वीच्या सर्वांत जवळची पौर्णिमा ती होती. चंद्र जवळ, पौर्णिमा आणि दिवस-रात्र सारखे असणारा विषुवदिन नुकताच होऊन गेलेला, म्हणजे उधाण मोठंच येणार.

भरती चढतेही एकसारखी नाही. सुरुवातीच्या तासात हळू, मधल्या दोन तासांत सर्वांत वेगाने, शेवटी पुन्हा हळू. ओहोटी सव्वापाचची धरली तर मधले दोन तास सव्वासात ते सव्वानऊ. मुलं बांबू रोवत होती तेव्हा समुद्र सर्वांत दूर होता, आणि जेवणाची वेळ नेमकी पाणी सर्वांत जोरात धावतं त्या तासावर पडली होती.

मग काका एक वाक्य बोलले आणि मला सगळं प्रकरण उलगडलं. "पूर्ण चंद्र आणि रात्री नऊला कोरडी पुळण, हे आमच्या किनाऱ्यावर कधीच एकत्र मिळत नाही."

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पौर्णिमा कुठल्याही महिन्यातली असो, भरती रात्री अकरा-बाराच्याच आसपास येणार. रात्री नऊला समुद्र आत गेलेला हवा असेल तर चतुर्थी-पंचमीच्या सुमाराची रात्र घ्यावी लागते, आणि तेव्हा शुद्ध पक्षात चंद्र कोरीएवढा असतो, तर वद्य पक्षात तो नुकता उगवत असतो. ज्या किनाऱ्यावर पुळण रुंद आहे आणि वर उधाणालाही कोरडी राहणारी वाळू उरते, तिथे पौर्णिमेचं जेवण जमू शकेल. कठड्याला पाणी लागणाऱ्या जागी ते जमणार नाही, या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. म्हणजे रिसॉर्टने विकलेली गोष्ट त्या रात्री बिघडली असं नव्हतं. त्या जागी ती देताच येत नव्हती.

राहिला पुरावा. काकांनी यजमानांच्या फोनमधला पाच चाळीसचा फोटो मोठा करून पाहिला. आम्ही सगळे मांडवाकडे बघत होतो, ते मांडवाच्या मागे. कठड्याच्या अगदी पायथ्याशी एक ओळ होती: सुकलेलं शेवाळ, काड्या, एक करवंटी, प्लास्टिकची बाटली, शिंपल्यांचा चुरा. आदल्या भरतीने टाकून दिलेला गाळ. ती रेषा टेबलाच्या कितीतरी वर होती. पाणी कुठवर येतं हे त्या किनाऱ्यावर डोळ्यांना दिसेल असं लिहिलेलं होतं, आणि मांडव त्याच्या खाली घातला होता. त्या मुलाचं वाक्य न वापरता भोक बुजलं.

या फोटोबरोबर आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते जोडले. हा विभाग दरवर्षी पुढच्या वर्षाचे तक्ते आधीच छापतो. मुंबईच्या अपोलो बंदराचे आकडे त्यात असतात आणि त्यावरून जवळच्या किनाऱ्यांचा अंदाज काढता येतो. भरती रेल्वेच्या वेळापत्रकासारखी असते, आणि रेल्वेपेक्षा जास्त वक्तशीर.

रिसॉर्टचं म्हणणं

आधी ॲपकडे तक्रार केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. पोच आली. नंतर 'मुक्काम पूर्ण झाला आहे' असं सांगून तक्रार बंद झाली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद केली, त्यावर रिसॉर्टने पुढच्या मुक्कामावर निम्म्या सवलतीचं कूपन देऊ केलं. मुदत सहा महिने, शनिवार-रविवार सोडून.

इथे नवरा-बायकोत मतभेद झाला, आणि तो माझ्यासमोरच झाला. यजमान म्हणाले, "घेऊन टाकू. कुठे भांडत बसायचं?" बाई म्हणाल्या, "अहो, त्याच जागी पुन्हा जायचं, आणि तेही अर्धे पैसे भरून?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "नोटीस काढा." असं कूपन म्हणजे भरपाई नव्हे, नवी विक्री आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याची चूक आहे त्याला त्यातून आणखी एक गिऱ्हाईक मिळतं.

नोटिशीला उत्तर वकिलामार्फत आलं. त्यात चार मुद्दे होते.

पहिला, भरती ही दैवी आपत्ती आहे आणि अटींमध्ये 'हवामानामुळे बदल करण्याचा हक्क राखीव' असं लिहिलेलं आहे. याचं उत्तर काकांच्या हिशेबातच होतं. वादळ, अवकाळी पाऊस यांचा अंदाज चुकू शकतो, म्हणून तिथे विकणाऱ्याला थोडी सूट देणं न्यायाचं आहे. भरती वर्षभर आधी छापलेली असते. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम ५६ चा तिसरा परिच्छेद फारसा कोणी वाचत नाही. अशक्यतेचा मुद्दा आला की सगळे दुसऱ्या परिच्छेदावर थांबतात, जिथे करारानंतर गोष्ट अशक्य झाली तर करार संपतो असं आहे. तिसरा परिच्छेद सांगतो की, वचन देणाऱ्याला ती गोष्ट अशक्य आहे हे ठाऊक होतं, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळलं असतं, आणि समोरच्याला ठाऊक नव्हतं, तर वचन देणाऱ्याने नुकसान भरून द्यावं. समुद्रकाठी धंदा करणाऱ्याने भरतीची वेळ बघणं ही वाजवी काळजीच्याही आधीची गोष्ट झाली. जोडीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यातल्या सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत, कलम २(११) मध्ये, ग्राहकाला लागणारी माहिती जाणूनबुजून दडवणं हे स्पष्टपणे धरलेलं आहे.

दुसरा मुद्दा, पर्यायी जेवण दिलं. पर्यायी जेवण दिलं हे खरंच. पण ते खोलीबरोबर कोणालाही मिळणारं बुफे होतं, आणि "हॉलमध्ये नको" हे बाईंनी लेखी सांगितलेलं होतं.

तिसरा, तक्रार पुण्यात चालणार नाही, कारण अटींप्रमाणे सगळे वाद मुंबईत चालवायचे. लोक या एका वाक्याला घाबरून माघार घेतात, म्हणून ठळकपणे सांगतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४(२)(ड) प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आधीच्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. रिसॉर्ट रायगडात असलं, त्याचं कार्यालय मुंबईत असलं, तरी सहकारनगरच्या माणसाला पुण्याचा जिल्हा आयोग खुला आहे. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, त्या शहरात तरी ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

चौथा, 'भरतीची वेळ ग्राहकानेही बघायला हवी होती.' हा मुद्दा वाचून मला राग आला. घाटावरच्या माणसाचा समुद्राशी संबंध वर्षातून एखाद्या वेळचा. त्याने तिथी, पाऊणपट आणि उधाण शिकून मगच जेवणाचं टेबल घ्यावं ही अपेक्षा कुठल्या न्यायाची? तो पैसे देतो तेच त्या जागेची माहिती असलेल्याच्या भरवशावर.

मागावं किती

जोडप्याला सगळे ३०,०९० रुपये आणि मनस्तापाचे एक लाख मागायचे होते. मी तसं करू दिलं नाही, आणि त्यावर थोडी नाराजीही झाली. खोली त्यांनी वापरली होती, रात्र तिथेच काढली होती, नाश्ता केला होता. खोलीचं पूर्ण भाडं परत मागणं टिकलं नसतं, आणि टिकत नाही ती मागणी टिकणाऱ्या मागणीलाही खाली ओढते. पण खोलीचा अजिबात संबंध नाही असंही नव्हतं. एरवी ते या किनाऱ्यावर या दिवशी आलेच नसते, बुधवारची रजा काढलीच नसती. म्हणून जेवणाच्या योजनेची पूर्ण रक्कम, खोलीच्या भाड्याचा निम्मा भाग आणि मनस्ताप व खर्चापोटी माफक रक्कम, असं मांडलं.

सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांच्या आतली असल्याने शुल्क शून्य. वकील लावणं बंधनकारक नाही, ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो. घटनेपासून दोन वर्षांची मुदत, ती हाताशी होती. फोनमधले फोटो आणि व्हॉट्सॲपचे संदेश जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लावलं. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून आला आहे, जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चा नमुना आता चालवू नये. फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवलेले न देता मूळ फोनमधलेच द्यावेत. फिरवलेल्या प्रतीत काढल्याची वेळ राहत नाही, आणि इथे तर सगळी मदार पाच चाळीस या वेळेवर होती.

तडजोड

पहिल्या तारखेला आयोगाने मध्यस्थीचा पर्याय सुचवला. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३७ मध्ये त्याची तरतूद आहे, दोन्ही बाजू राजी असतील तरच. रिसॉर्टतर्फे आलेले गृहस्थ सुरुवातीला ताठ होते. गाळाच्या रेषेचा मोठा केलेला फोटो आणि भरतीचा तक्ता शेजारी-शेजारी ठेवल्यावर त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि बाहेर जाऊन फोन लावला.

जेवणाचे ८,८५० रुपये पूर्ण, खोलीपोटी ९,००० रुपये, एकूण १७,८५० रुपये एवढ्यावर मिटलं. मनस्तापाचं काही मिळालं नाही. बाईंनी पैशाशिवाय एक अट धरली होती: किनाऱ्यावरच्या जेवणाची जाहिरात करताना त्या तारखेची भरतीची वेळ द्यायची आणि पाणी आलं तर पैसे परत हे लिहायचं. ती मान्य झाली. लेखी दिलगिरी त्यांना हवी होती, ती मिळाली नाही. बदल्यात रिसॉर्टने आपलं नाव कुठे छापायचं नाही ही अट घातली. मध्यस्थीतली बोलणी गोपनीय असावीत हे मला पटतं, त्याशिवाय माणसं मोकळेपणाने बोलणार नाहीत. पण नाव झाकून पैसे देण्याची सवय धंद्याला लागली तर पुढच्या जोडप्याला सावध करणार कोण, म्हणून मी ही अट न स्वीकारण्याचा सल्ला दिला होता. निर्णय त्यांचा होता. त्यांना ते प्रकरण घरातून संपवायचं होतं, आणि तेही मी समजू शकतो.

पैसे खात्यात जमा झाले, योजनेच्या पानावर भरतीची ओळ आली.

एक गोष्ट मात्र राहिली. त्याच पानावर अजून 'खासगी किनारा' असं लिहिलेलं आहे. त्या संध्याकाळी फिरताना गावातल्या तीन-चार मुलांना रखवालदाराने शिट्टी वाजवून हाकललेलं या दोघांनी पाहिलं होतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे भरतीरेषेखालची समुद्राची जमीन सरकारच्या मालकीची असते. ज्या वाळूवर मांडव घातला आणि ज्या वाळूवरून मुलांना घालवलं, ती पाणी चढल्यावर बुडणारी वाळू, म्हणजे रिसॉर्टची नव्हेच. हा मुद्दा जोडप्याच्या नुकसानीचा नसल्याने त्यांच्या तक्रारीत बसत नव्हता. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करता येतो. तो आम्ही रायगडच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवला आहे, जाहिरातीच्या पानाची तारखेसह प्रत जोडून. अर्जदार म्हणून सही काकांची आहे.